बाबांचं वजन आणि माझी टेप

४ मार्च, सकाळ
आणि वर ताई मलाच म्हणते, तू पैसे पाठव, अक्कल पाठवू नकोस. बाबांच्या लिव्हरला कॅन्सर, तोही बराच पुढे गेलेला, आणि प्रोटॉन बीम म्हणजे काय ते घरात फक्त मला कळलंय. ताई बारावी. मी सातवी, तीही अर्धी. पण फर्निचरच्या कारखान्यात दिवसभर भोकं कोण पाडतं? ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळायची. टेपपर्यंत भोक, पुढे नाही. प्रोटॉनचं तेच. किरण ठरलेल्या खोलीवर जातो, गाठीवर सगळा जोर टाकतो आणि तिथंच थांबतो. मागचा माल शाबूत. डॉक्टरला समजवायला अर्धा तास लागला, मला दोन मिनिटं. त्याचाच राग आहे तिला.
पंधरा बैठका. माझा वाटा साठ हजार, महिनाअखेर. डबल शिफ्ट केली की सहज.

६ मार्च
डबल शिफ्ट सोमवारपासून. आजपासून चहा बंद. संध्याकाळचा धरलेला नाही.
बाबांना फोन. आवाज बारीक. जेवण जात नाही म्हणाले. मी म्हटलं, मशीनखाली टिकायचं तर अंगात पाहिजे. रोज चार अंडी, दूध, केळी. आणि रोज वजनकाट्याचा फोटो. बाबा म्हणाले, बरं साहेब.
मला साहेब म्हणाले.

११ मार्च
पहिली बैठक झाली. बाबा म्हणतात, काही कळलंच नाही, सांगतील तेव्हा श्वास धरायचा आणि पडून राहायचं. मीही धरून बघितला. चाळीसपर्यंत गेलो, पण शिडीवर होतो. पाय मुरगळला. डबल शिफ्ट पुढच्या सोमवारपासून.

१६ मार्च
एकसष्टचे त्रेसष्ट. फोटो ताईलाही पाठवला.
आई काळजीत. म्हणते पँटचं बटण लागत नाही, आणि हातपाय तर काड्याच. तिला सांगितलं, माल आधी मोठ्या गोदामात उतरतो, मग बाकीकडे जातो.
बाबांनी विचारलं, डॉक्टरांच्या कानावर घालू का. म्हटलं आत्ता नको, पासष्ट झाले की एकदम सांगू.

१९ मार्च
चौसष्ट सातशे. कारखान्यात सगळ्यांना फोटो दाखवला. त्या नादात पंचवीस एमएमच्या फळ्या संपून सोळाच्या आल्या ते कळलंच नाही. टेप जुनीच. चौदा दारं आरपार. फोरमन म्हणाला, जाडी बदलली की टेप बदलायची, हे आता तुला पाळण्यात घालून शिकवू का. पगारातून कापणार. मी शांतपणे सांगितलं, घरी पेशंट आहे. तर म्हणे, तो दारात उभा होता का. असल्या माणसाशी कोण बोलणार.

२० मार्च, संध्याकाळी
आठवी बैठक झालीच नाही. किरण सोडण्याआधी फोटो काढतात, त्यात पोट दोन सेंटिमीटर वर. टेक्निशियनने थांबवलं. ताईला म्हणाला, जाडी बदलली, आता किरण गाठीच्या अलीकडेच थांबेल, माप नव्याने घ्यावं लागेल. ताईने मला हे दोनदा समजावलं. मला पहिल्या वेळीच कळलं होतं.
आणि ते वजन नव्हतंच. पोटात पाणी झालंय.

२२ मार्च
पाणी काढलं. साठ. म्हणजे निघालो तिथून एक किलो मागेच. नवा स्कॅन, नवं माप, खर्च वेगळा.
बाबांना विचारलं, मग अंडी कुठं गेली. म्हणाले, दोन दिवस खाल्ली, मग उतरेनात, जावईबापूंना देत होतो. काटा वर जायचा, तू फोनवर खूश व्हायचास, म्हटलं कशाला सांगायचं.
भावजींचं वजन विचारलं नाही.

३१ मार्च
आजपासून बैठका पुन्हा सुरू. बाबा म्हणाले, जमतंय. वजन सांगत होते, मी विषय बदलला.
डबल शिफ्ट झाली नाही. चौदा दारं गेली, पायाचे तीन दिवस गेले. चहा दोन्ही वेळचा चालू आहे. ताईला लिहिलं होतं की पोट रोज घरीच टेपने मोजत जा. पाठवायच्या आधी पुसलं. मोजायला तिथं माणूस आहे.
अक्कल इथंच ठेवून घेतली. पाठवतोय ते सतरा हजार तीनशे.