आधी कळवायला हवं होतं

१२ जानेवारी
मोडलेला खुबा जुळला. आज वॉकरशिवाय जेवणघरापर्यंत जाऊन आलो. आता या नर्सिंग होममध्ये माझं काय काम? लवकरात लवकर घरी. ठरलं म्हणजे ठरलं. इथली कॉफी म्हणजे बशा विसळलेलं पाणी.
दुपारी अर्डिसबरोबर पत्ते. समोरच्या खोलीतली. विधवा, पत्त्यांत महालबाड. तिने कुकी पुढे केली. नको म्हणालो. पुन्हा केली, पुन्हा नको. तिसऱ्यांदा केली तेव्हा घेतली. आमच्या मिनेसोटात पहिल्याच वेळी हात पुढे करणारा हावरट ठरतो.

१३ जानेवारी, सकाळी
मॅनेजर ब्रेंडा नाश्त्याला येऊन म्हणाली, एइनारकाका, ठणठणीत झालात की! शुक्रवारी घरी.
शुक्रवारी! मी माणूस आहे की भाड्याने आणलेली खुर्ची?

दुपारी
इथल्या रहिवाशांचे हक्क हॉलच्या भिंतीवर लावलेत. आजवर त्याखाली बसून डुलक्या काढल्या, आज वाचले. घालवायचं तर नोटीस लेखी हवी. कारण, तारीख, कुठे पाठवणार, अपील कुठे करायचं, सगळं. तेही महिनाभर आधी. ओटमील खाताना तोंडी सांगितलेलं चालणार नाही.
मला इथे राहायचंय असं मुळीच नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. अर्डिसचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

१४ जानेवारी
राज्याच्या तक्रार कचेरीला फोन. तिथली बाई म्हणाली, तुमचं बरोबर आहे, मी बोलते त्यांच्याशी. छाती फुगली.
अर्डिसने चिडवलंच. अहो, परवा पळत सुटणार होतात ना? मी म्हणालो, तत्त्व! ती म्हणाली, तुमचं तत्त्व रोज दुपारी माझ्यासमोर पत्ते पिसत बसतं.
हसू लपवायला कॉफी प्यालो. अख्खा कप.

१६ जानेवारी, शुक्रवार
गेलो नाही. ब्रेंडाचा चेहरा बघण्यासारखा.
संकल्प: रविवारी अर्डिसला सगळं स्पष्ट सांगायचं. सगळं म्हणजे काय, ते इथे लिहायची गरज नाही.

१८ जानेवारी, रविवार
तिनेच विषय काढला. मुलगी ॲरिझोनाला बोलावतेय. जाऊ का? मी म्हणालो, जा की, माझं काय. थोड्या वेळाने पुन्हा. खरंच जाऊ? म्हणालो, अगं जा, माझी काळजी नको.
लगेच राहा म्हणणं बरं दिसत नाही. तिसऱ्यांदा विचारेल तेव्हा सांगतो. वाक्य पाठ केलंय. उद्या दाढीही करणार.

१९ जानेवारी
दाढी केली. कापलं. तिने हवामानाबद्दल विचारलं.

२० जानेवारी
विजय! ब्रेंडाने माफी मागितली. लेखी नोटीस हातात, सगळं नियमाप्रमाणे. पूर्ण महिना मिळाला. अर्डिसला दाखवायला धावलो. म्हणजे माझ्या परीने धावलो.
ती कोट घालून उभी. शेजारी मुलगी, बॅगा. मी म्हणालो, हे काय, तिसऱ्यांदा विचारलं नाहीस! ती म्हणाली, कुकी खायला माणूस तीनदा विचारतो, एइनार. मी राहू का, हे दोनदा विचारलं तेच पुष्कळ झालं. माझी कॉलर सारखी केली आणि गेली.

संध्याकाळी
कचेरीला फोन. रहिवाशाने सोडून जाताना समोरच्या खोलीला किती आधी कळवायला हवं, असं विचारलं. बाई म्हणाली, असा नियम नाही हो.
ब्रेंडा डबा घेऊन आली. अर्डिसने ठेवलेल्या कुकीज. हव्यात का म्हणाली.
पहिल्याच वेळी हो म्हणालो.