वीरगळाला ऑइल पेंट

शनिवार, संध्याकाळ. तळेगाव.

डोकं अजून शांत होत नाही. मुलांसाठी वीरगळांवर पुस्तक लिहितेय, म्हणून आज माझ्या वर्गाला तिकोणा पेठेजवळच्या देवळात नेलं. लढाईत पडलेल्या कुणा घोडेस्वाराच्या स्मरणाचा कोरीव दगड आहे तिथे. येतोय म्हणून पुजारी आबांना आधी फोन केला, तोच नडला. जाऊन पाहते तर दगडावर निळा ऑइल पेंट.

"पोरं येणार म्हणून मुद्दाम रंगवला, बाई. लय जुना दिसत व्हता."

इतक्या प्रेमाने सांगत होते. आधीच झिजलेला घोडा जाड रंगात पार बुजलाय. रंग ओला, म्हणून हातही लावू देईनात. शेवटी मुलांना म्हटलं, दिसेल ते काढा.

आत्ता चित्रं पाहिली. एकातही घोडा नाही. निळा मात्र सगळ्यांनी रेषेबाहेर न जाता भरलाय.