टोपीवरचं हेल्मेट

कार्ले,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

ती. चैतालीताईंना अनिताचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. भात झोडून झालं. म्हैस व्यायली, रेडी झाली. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते आहे.

सुहासची आज पहिली पाळी आहे, नवलाख उंबऱ्याला कारखान्यात गेलेत. भाऊबीजेला मात्र ते दिवसभर घरी होते. तुमची वाट बघत.

आबांची जखम भरली.

श्रावणात वळवणजवळ ते मोटरसायकलवरून पडले, तेव्हा दवाखान्यात तुम्ही म्हणालात, "गाडी विका. ती दारात असेपर्यंत मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही." आबा म्हणाले, "नको ठेवू." तुम्ही दोघं सारखेच आहात. गाडी विकली नाही. पण आबांनी ती चालवलीही नाही. पोत्यांनी झाकली. तुंगार्लीच्या बंगल्यांना दूध सुहास घालायचे, कामावर जाण्याआधी. आबा ओट्यावर बसून रस्ता बघायचे. जेवण निम्म्यावर आलं होतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

मला एक गोष्ट कळत नव्हती. हेल्मेट असून डोकं फुटलं कसं? हेल्मेट तर गटारापलीकडे सापडलं, एक ओरखडा नाही. आबा पडायच्या आधीच ते डोक्यावरून निघालं होतं. ते टोपीवर घालायचे ना. टोपी आत मावावी म्हणून मोठं माप घेतलेलं. आपल्याकडे निम्मे म्हातारे तसंच घालतात, म्हणून कुणाला खटकलं नाही. आणि टोपी काढू कोण देणार? आई म्हणायच्या, "बोडक्या डोक्यानं सुतकातला मानूस भाईर पडतो. मी अजून जित्ती हाय."

मागच्या आठवड्यात मी आबांना म्हटलं, लोणावळ्याला जाऊ, तुमच्या मापाचं बघू. ते लगेच उठले. आईही निघाल्या, टोपीची राखण करायला.

दुकानात रेणुका म्हणून एक बाई होती. टेप घेऊन पुढे आली. "आबा, टोपी काढा."

"टोपीवरनं घे की माप."

"टोपीला कुठं लागतंय, आबा? लागतंय डोक्याला."

आई मध्ये पडल्या. "न्हाई काढायची."

"मावशी, हेल्मेट घातल्यावर डोकं बोडकं कुठं राहिलं?"

आबांनी तेवढ्यात डाव टाकला. "हिचं बी बघा. मागं बसती ती."

आईंच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं, तर अंबाड्यावर टेकून राहिलं. चुंबळीवर हंडा ठेवावा तसं. रेणुका म्हणाली, अंबाडा सोडावा लागेल, वेणी खाली मानेवर घ्यायची. आबा हसले.

"हसू नका. आधी टोपी काढा."

"तू अंबाडा सोड आधी."

कुणी हलेना. गिऱ्हाइकं थांबून बघत होती. मग आईंनीच हात वर करून आबांची टोपी काढली. व्रण भुवईच्या वरून पार मागे गेलाय. घरात आबा टोपी घालूनच झोपतात. उजेडात तो आईंनी नीट पाहिला नव्हता. त्यांनी एकदा त्यावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "काढ ग आकडे."

मी तिथंच त्यांची वेणी घातली.

आईंना लहान माप बसलं, आबांना मधलं. "एवढंच व्हय माजं डोकं?"

"लगीन झाल्यापास्नं मी काय सांगतीय?" आई म्हणाल्या.

"गाल दाबतंय, बाई."

"दाबायलाच हवं. नवं आहे, हळूहळू बसेल," रेणुका म्हणाली. कपाळावर मात्र टोचायला नको. ते तिनं दोनदा विचारलं. हनुवटीखालचा पट्टा लावला. मग मागून दोन्ही हातांनी हेल्मेट वर ढकललं. आबांची मान खाली गेली, हेल्मेट जागचं हललं नाही.

"आजून ढकल," आबा म्हणाले.

तिनं जोर लावला. नाही निघालं.

"अनिता, तू बघ."

मी बघितलं. मग आईंनी बघितलं, सगळा राग काढून. नाही निघालं, ताई. आबांनी काचेतून आमच्याकडे पाहिलं. एवढं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. गाल दाबलेले, त्यामुळे हसू सगळं डोळ्यांत आलेलं.

तेव्हापासून आठवडाभर आबा दूध घालताहेत. तुंगार्लीच्या वॉचमननं पहिल्या दिवशी ओळखलं नाही, फाटकावर नाव विचारलं. आबांनी घरी येऊन ते सगळ्या आळीला सांगितलं. भाकरी पुन्हा पूर्वीइतक्या लागतात.

तुम्ही घाबरलात ते खरं होतं. आबा तसं म्हणणार नाहीत, मी म्हणते. पण सैल हेल्मेट होतं, ताई. आबांचा हात सैल झालेला नाही.

आता मुख्य ते लिहिते. काल रात्री जेवताना आबा म्हणाले, "ती येत न्हाई म्हंती ना? मग आपुन जाऊ." आई लगेच लुगडी बांधायला उठल्या. राजगुरुनगर लांब आहे, चाकणला ट्रक असतात, एसटीनं जा, असं सांगायला माझं तोंड उघडलं होतं. मिटलं.

म्हणजे हे पत्र तुम्हाला पोस्टमननं दिलेलं नाही. ज्यांनी दिलं, त्या तुमच्या दारात उभ्या आहेत, आणि आबा मागे गाडी लावताहेत. मुक्कामाला आलेत. भांडायचं असेल तर उद्या भांडा.

त्यांना न अडवलेली,
तुमची अनिता