पांढऱ्या पुडीचे नऊ डबे

प्रिय सुलू,

लग्न ठरल्यावर तुला चार पत्रं लिहिली होती, तीही तू "हे काय, लॅबचे रिपोर्ट?" म्हणून हसण्यावारी नेलीस. त्यानंतर मी पत्राच्या वाटेला गेलो नाही. पण आज सकाळी तुझी रविवारची पोरं आली होती. तू गेल्यापासून सात महिन्यांत पहिल्यांदाच. आणि मी त्यांच्या वर्गाची पार वाट लावली. आता हे सांगू कुणाला? मुग्धाला फोन केला तर ती म्हणणार, "बाबा, पुरे झालं बडोदं, पुण्याला या." म्हणून तुलाच सांगतो.

आधी घरचं. बरं आहे म्हणायचं. दूध अजून एक लिटरच घेतो. दूधवाल्याला "अर्धाच दे" म्हणायला जीभ रेटत नाही. मग दूध उरतं, विरजण लावतो, मग दही उरतं. पेपरात एखादी बातमी दिसली की तोंडातून "अगं, ऐकलंस का?" निघून जातं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसतो. लिफ्टमध्ये कुणाला "जय श्रीकृष्ण" म्हणतो तेवढंच काय ते बोलणं, कधीकधी दोन-दोन दिवस तेवढंच. फार एकटं वाटतं गं. लिहून टाकलं एकदाचं.

दिवाळीनंतर दिवस खायला उठले, तेव्हा तुझं बाल्कनीतलं कपाट आवरायला काढलं. तुझ्या रविवारच्या केमिस्ट्रीच्या वर्गाचं कपाट! आजवर मी ते उघडलंसुद्धा नव्हतं. काय काय निघालं त्यातून! मुग्धाचे लहानपणीचे ठोकळे, लाल-पांढरे रंगवलेले, पाण्याचा रेणू जुळवून दाखवायला. खेळण्यातली होडी, जिच्यात सोडा आणि व्हिनेगर घालून तू ती बादलीत पळवायचीस. भातुकलीतली तांब्याची घागर, अर्धी चिंचेने लख्ख घासलेली, अर्धी मुद्दाम काळी ठेवलेली.

आणि माझा पांढरा शर्ट! तो हरवला म्हणून मी धोब्याशी किती भांडलो होतो, आठवतं? तू तो हळदीत बुडवून पिवळाधम्मक केलास, आणि पोरांनी त्यावर साबणाच्या वडीने लाल अक्षरांत आपापली नावं लिहिली. धोब्याने महिनाभर माझ्याकडे बघितलं नव्हतं. मला सांगायचं तरी!

पण सांगणार कशी? मी तुझ्या वर्गाला "भातुकली" म्हणायचो. रिफायनरीच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस मी. माझ्या लेखी केमिस्ट्री म्हणजे ब्युरेट, वजनकाटा आणि रजिस्टर. फुगा फुगवून कसली आलीये केमिस्ट्री? तू किती वेळा म्हणालीस, "अहो, एकदा नुसतं मागे येऊन बसा ना." आणि मी, दर रविवारी दहाच्या ठोक्याला चपला घालून कमाटीबागेत. पोरांचा गलबला संपला की परत. एकदासुद्धा बसलो नाही. एकदासुद्धा!

तर कपाटाच्या खालच्या खणात नऊ डबे होते. सारखे, स्टीलचे, घट्ट झाकणांचे, आणि सगळ्यांत पांढरी पूड. एकावरही नाव नाही. सुलू, माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे बिनलेबलची बाटली सापडली की मेमो मिळायचा. म्हटलं, काय हा गबाळेपणा! आणि मी कामाला लागलो.

तुझ्याच सामानाने तपासायचं ठरवलं. व्हिनेगर, हळदीचं पाणी, औषधाच्या पेटीतलं आयोडीन, गॅस आणि जुना चमचा. आयोडीनने एक डबा काळानिळा झाला, आरारूट. चमच्यात तापवल्यावर एक करपला, पिठीसाखर. एकाला काही झालं नाही, मीठ. फसफसणारे तीन निघाले. त्यातली जी पाण्यात विरघळलीच नाही ती रांगोळी. उरलेल्या दोघांत हळदीला लालभडक करणारा तो धुण्याचा सोडा, दुसरा खाण्याचा. मग तुरटी सापडली, मग इथले लोक डाळीत घालतात ती लिंबाची फुलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. सावकाश केलं, दिवसाला एखादाच डबा. प्रत्येक डब्यापाशी विचार करावा लागायचा, इथे सुलूने काय केलं असतं? म्हणजे तुझ्याशी बोलल्यासारखंच की. खरं सांगू? ते तीन आठवडे मला एकटं वाटलं नाही.

आठ डब्यांवर लेबलं चिकटवली. नाव, तारीख, खाली माझी सही. नववा काही केल्या दाद देईना. गार पाण्यात नीट विरघळेना, गरम पाण्यात विरघळला, गार झाल्यावर चकचकीत पापुद्रे धरले. हळदीला ढिम्म, आयोडीनला ढिम्म, व्हिनेगरला ढिम्म. स्वयंपाकघरातला डबा न् डबा धुंडाळला, देवघरही सोडलं नाही. तुझ्या फोटोसमोर डबा धरून विचारलं, "काय आहे हे? सांग की!" चौतीस वर्षांच्या लॅबवाल्याने एका पांढऱ्या पुडीपुढे हात टेकले. कुणाला सांगायची सोय नाही.

आणि आज सकाळी बेल वाजली. दारात समोरच्या जागृतीबेन, त्यांची नात ध्रुवी आणि आपल्या सोसायटीतली आणखी चार पोरं. पोरांचा मी "दादा", म्हणजे आजोबा. म्हणाली, परीक्षा तोंडावर आल्यात, त्याआधीचा शेवटचा रविवार आहे, तर दादा, एवढा एक वर्ग घ्या.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! घरात पोरांच्याच पाच-पाच जोड्या चपला! चटई घातली, कपाट उघडलं आणि डबे ओळीने मांडले. मोठ्या दिमाखात. बघा पोरांनो, तुमच्या टीचरच्या डब्यांना आता शिस्त लावलीये.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी ध्रुवी हळूच म्हणाली, "हवे शुं शोधवानुं, दादा?" आता शोधायचं काय?

मग पोरांनी एकेक करत सांगितलं, तेव्हा मला कळलं. या नऊ डब्यांसाठी तू त्यांना थांबवून ठेवलं होतंस. आधी ठोकळे, होड्या, फुगे, आणि परीक्षेआधीच्या शेवटच्या रविवारी हे. ज्याचं त्याने ओळखायचं, जीभ न लावता. लावली तर सरळ घरी. तू गेल्यावरही ती पोरं आपापसांत ठरवत होती की कुणी कुठला डबा घ्यायचा. आणि मी सगळी उत्तरं आधीच डब्यांवर चिकटवून मोकळा झालो होतो, वर सही करून!

कसं असतं बघ, चूक माझी आणि चिडलो मीच. म्हणालो, "बिनलेबलचे डबे घरात ठेवणं म्हणजे गुन्हा आहे. उद्या कुणी चाखलं तर?" एक पोरगा पुटपुटला, "अमे चाखता नथी, दादा." आम्ही चाखत नाही. पण मी कसला थांबतोय! लॅबमधल्या अपघातांवर चांगलं पंधरा मिनिटं भाषण ठोकलं. पोरं मान खाली घालून ऐकत होती. मग एकाला क्लास होता, एकीला आई बोलावत होती. चपला कमी होत गेल्या. मला दिसत होतं आणि मला थांबता येत नव्हतं.

उरली ध्रुवी, तीही आजी बसली होती म्हणून. तिने नवव्या डब्याकडे बोट दाखवलं. "आना पर केम नथी लख्युं?" यावर का नाही लिहिलं? मी म्हटलं, मलाच कळलं नाही. तिचा चेहरा जरा उजळला. चिमूटभर पूड दोन बोटांत चोळली, फरशीवर टाकून बोट सर्रकन फिरवलं आणि म्हणाली, "दादा, आ तो केरमनो पावडर!"

कॅरमची पावडर. बोरिक ॲसिड! मी कपाळावर हात मारला. स्वयंपाकघरात शोधत होतो, ते खेळातलं निघालं. हसूच आलं मला, सात महिन्यांत पहिल्यांदा. म्हटलं, "पण आमच्याकडे कॅरम कुठंय आता?" तर ध्रुवी म्हणाली, "अमारे त्यां छे ने. टीचर ने बा रोज बपोरे रमतां'तां." आमच्याकडे आहे ना, टीचर आणि बा, म्हणजे तिची आजी, रोज दुपारी खेळायच्या.

मी जागृतीबेनकडे बघितलं. त्या ओढणीचं टोक चाळवत बसल्या होत्या. मग आपल्या त्या मराठीत म्हणाल्या, "भाई, सुलभाबेन यायच्या ना आमच्याकडे. दोन ते चार. पाच-सहा वर्षं. बोर्ड पण तुमचाच आहे. मी बोलली, भाईंना पण बोलवा. तर बोलल्या, राहू दे, ते झोपतात." आणि पुढे म्हणाल्या, "एकदा बोलल्या, जागृती, घरात बोलायला कोण नाही गं."

कोण नाही? मी होतो ना, सुलू! आतल्या खोलीत, पंखा पाचवर ठेवून, तोंडावर पेपर घेऊन, मी होतो ना?

सगळं आठवलं. रिटायर झालो त्या वर्षी जेवणं झाल्यावर आपण रोज खेळायचो. राणी घेतलीस की तू टाळी वाजवायचीस. मी आठवडाभर सलग हरलो आणि म्हणालो, "दुपारी जरा पडू दे ना, काय पोरकटपणा लावलाय!" तू बोर्ड पुसून कपाटामागे ठेवलास. तिथून तो कधी गेला हेही मला कळलं नाही. दुपारी तू दार ओढून घ्यायचीस तो आवाज मात्र मी ऐकला आहे. वाटायचं, गेली असेल भाजीला. रोज दोन वाजता कुणी भाजीला जातं का? एकदा तरी विचारायला हवं होतं मी. माफ कर, म्हणायला फार उशीर झाला, तरी म्हणतो. माफ कर गं.

सात महिने झाले, मी एकटा आहे म्हणून कुढतोय. तू पाच-सहा वर्षं होतीस. आणि मी बारा पावलांवर.

त्या दोघी गेल्यावर जेवण गेलं नाही. दोन वाजता मी पलंगाकडे वळलो आणि तसाच मागे फिरलो. आठही डबे घेऊन मोरीत बसलो, गरम पाण्यात भिजवून लेबलं खरवडून काढली. नखं अजून दुखतायत, डिंक चांगल्या कंपनीचा होता. मग नऊही डबे पिशवीत भरले आणि समोरची बेल वाजवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही कामासाठीच.

जागृतीबेनना म्हटलं, सगळं रिकामं करा आणि तुम्हाला वाटेल त्या डब्यात वाटेल ते भरा. तुमच्या घरातलं एखादं नवीनही घाला, पण पोरांच्या हाताला चालेल असंच. यादी करून तुमच्या पर्समध्ये ठेवा. त्या म्हणाल्या, "भाई, तुम्हाला पण नाही सांगायचं?" म्हटलं, मला तर मुळीच नाही. त्या हसल्या, "बेसो ने, चा मूकुं छुं." बसलो. बोर्ड भिंतीला टेकवलेला होता. खेळू का, असं विचारायचा धीर आज झाला नाही. पण चहा झाल्यावरही अर्धा तास बसलो. तुझ्याबद्दलच बोललो.

ध्रुवीकडे निरोप दिलाय की परीक्षा संपल्यावर पहिल्याच रविवारी दहाला या, दादा भाषण करणार नाहीत. पोरं येतील? काय सांगावं. आज जी तोंडं पाडून गेली, ती बघता मला नाही खात्री. कदाचित ध्रुवी एकटीच येईल. कदाचित तीही नाही.

पण तुला शब्द देतो. कुणी आलं नाही तरी दहा वाजता मी चटईवर बसलेला असेन, गुडघे काही म्हणोत. कमाटीबाग बंद. आणि पोरं आलीच, तर समोर खुर्ची टाकून नाही, मागे, त्यांच्या रांगेत बसेन. माझ्या वाट्याला येईल तो डबा घेईन. चुकलो तर हसू देईन त्यांना. आणि कुणी विचारलंच की दादा, तुम्ही एवढे लॅबवाले, तुम्हालाही येत नाही? तर सांगेन, मी टीचरच्या वर्गात फार उशिरा नाव घातलं रे, आज माझा पहिलाच दिवस आहे.

तुझा,
अरविंद