दमणीची नऊ इंजिनं

मौजा पळसगाव, पो. नागभीड, जि. चांदा
ता. १० ऑगस्ट १९५८

॥ श्री ॥

चि. गुणवंतास आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इथी सारी खुशाली हाये, तुही तू कळवत जा. मागच्या पाकिटात खुशाली एक ओळ अन् इंजिन तीन पानं, असं काऊन?

हे पत्र मी माह्याच हातानं लिहून राह्यली. समाजशिक्षणाच्या वर्गात मास्तरनं अक्षरं गिरवून घेतली, पण ओळ सरळ ठेवाचं काई शिकवलं नाई. वाकडं दिसलं तर तू मान वाकडी कर. धानाचा रोवणा आटोपला. यंदा श्रावण दोनदा, म्हणून पोळा लांबला. शेजारच्या धुरपताची म्हैस व्याली, तिनं खरवस दिला, साखर कमी होती. मी बोलली नाई, पण तिले माह्या तोंडावरून समजलं.

आता मुद्द्याचं. तुह्या धाकट्या बहिणीचं, चंदाचं. तू रेल्वेत गेला त्या दिवशी तुह्या बापानं तुहा लाकडी बैल माळ्यावरून काढला अन् लटारूच्या घरी देऊन टाकला, हे तुले कोणी सांगतलं नसेल. मागच्या तान्ह्या पोळ्याले साऱ्या गावचे लेकरं आपापले लाकडी बैल ओढत तोरणाखाली गेले, अन् आपली चंदा दारात रिकाम्या हातानं उभी. यंदा तिनं बैल मागतला. तुहा बाप मुखरू म्हणे, ज्या घरात नांगर धरणारा राह्यला नाई त्या घरात बैल कायले शोभेल. लेकरापुढं असं बोलला. नाव तुह्यं घेतलं नाई, दोन वर्षं झाले घेतच नाई.

तितक्यात तू पाठवलेलं डिझेल इंजिनाचं चित्र आलं. चंदा ते उशाखाली घेऊन निजते. मी ते उचललं अन् नईम मिस्त्रीकडे गेली. म्हटलं, नईमभाऊ, हे असंच्या असं पाहिजे, चाकं फिरणारं, खिडक्या असणारं. पोरगी यंदा हेच ओढेल. तो चष्मा लावून लई वेळ पाहत बसला. मग म्हणे, बाई, काम बारीक हाये, ओलं लाकूड तडकते. वर्षानुवर्षं वाळलेलं सागवान लागेल.

म्हणून मी दमणी दिली. दचकू नको. आपली माणसं बसायची ती छोटी बैलबंडी, दुसरी कोणती. तू गेला त्या साली तिचा कणा मोडला, तुह्या बापानं दुरुस्तच केली नाई. म्हणे, स्टेशनावरून आणायचं कोणाले? त्यात कोंबड्या अंडी घालत. मुखरू मूलच्या बाजारले गेला तवा नईमभाऊची बंडी आली अन् घेऊन गेली.

त्या लाकडात नऊ इंजिनं निघतात. नऊच. नईमभाऊनं सांगून ठेवलं की खुद्द चांद्याचा साहेब आला तरी दहावं होणार नाई, कारण तसं लाकूड दुसरं नाई. एक चंदाचं, एक तुह्यासाठी, बाकी सात गावात जो पहिले येईल त्याले. मोबदला म्हणून मिस्त्री पायलीभर धान घेते. काल सकाळपासून त्याच्या ओट्यावर लेकरांची रीघ लागली.

अजून एक. चित्रात तू धुराडं काढायचं विसरला होता. मी नईमभाऊले सांगून लावायले लावलं. बिनधुराड्याचं इंजिन म्हणजे बिनचुलीचं घर, एवढं मलेबी समजते.

कळावे. लोभ हाये तितका राहू दे, जास्तीचा असेल तर चंदाच्या नावानं धाड.

तुही आजी
सुगंधाबाई


लोको शेड
ता. २१ ऑगस्ट १९५८

ती. आजीस गुणवंताचा शि. सा. न. वि. वि. मी खुशाल आहे, अंगानं बरा आहे, दोन वेळा जेवतो. झाली खुशाली. आता तरी रागावू नको.

आजी, धुराडं काढ. मी विसरलो नव्हतो. या इंजिनाला धुराडं नसतंच. ना कोळसा, ना आग, ना पाण्याची टाकी. पोटात तेल पेटतं, त्यावर वीज तयार होते, आणि त्या विजेवर चाकं फिरतात. धूर निघतो, पण छपराच्या बरोबरीनं एक लहानसं तोंड आहे तिथून. पुढचं नाक मात्र गोल, थेट आपल्या पवळ्या बैलाच्या मुस्कटासारखं. आमच्या शेडमध्ये ते पहिल्यांदा आलं तेव्हा जुने ड्रायव्हर लांब उभे राहिले आणि म्हणाले की याला फुंकर कुठून घालायची. मी पुढे होऊन हात लावला. अशा इंजिनाला धुराडं लावलेलं कोणी पाहिलं तर मला इथे तोंड दाखवता येणार नाही. नईमचाचांना माझा सलाम सांग आणि चाकं बारा आहेत हेही सांग, सहा पुढच्या चाकगाड्याला, सहा मागच्या.

दमणीचं वाचलं आणि जेवणाचा डबा तसाच परत ठेवला. बाबांनी मला मांडीवर बसवून पहिल्यांदा कासरा हातात दिला तो त्याच दमणीत. उजव्या फळीवर मी खिळ्यानं ‘ग’ कोरला होता, पहिलीत असताना, आणि त्यासाठी मार खाल्ला होता. ती फळी कोणत्या इंजिनात गेली ते बघ.

दिवाळीला रजा मिळते आहे. पण तुझ्या बोलावण्यावर मी येणार नाही, आजी. ‘या घराला आपलं म्हणू नको’ असं बाबांनीच सांगितलं होतं. तर ‘ये’ असं त्यांनीच म्हणावं. मी चोरी केली नाही, नोकरी धरली आहे. मान खाली घालून यायचं कारण नाही.

चंदाला गोड पापा. तुझी माया होती तशीच असू दे, एवढं मागणं.

तुझा
गुणवंत


मौजा पळसगाव
ता. ३१ ऑगस्ट १९५८

॥ श्री ॥

चि. गुणवंतास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुह्यं पत्र आलं तवा नऊच्या नऊ धुराडे लागून, रंग देऊन, उन्हात वाळून राह्यले होते. मी नईमभाऊले वाचून दाखवलं. तो माह्याकडे पाहे, मी त्या धुराड्यांकडे पाहो. मग म्हणे, बाई, ये आपकी अकल थी, माह्या कारागिरीले बट्टा लागला. त्याच्या घरवालीनं, खुर्शीदानं, मधात पडून चहा दिला. चहा पिऊन त्यानं करवत घेतली अन् नऊच्या नऊ धुराडे सपासप कापून टाकले. पण प्रत्येकाच्या टपावर एक भोक राह्यलं. तो म्हणे बुजवतो, मी म्हटलं राहू द्या, तेलाचा धूर कुठून तरी निघायले पाहिजे.

बारा चाकंबी केले. एका इंजिनाले बारा, नवाले एकशे आठ. माह्या जपमाळेत तितकेच मणी. मी त्याच्या ओट्यावर बसून एकेक चाक फिरवून पाह्यलं अन् मनात नाव घेतलं, तो माहा जप झाला. चाकं फिरतात पण चिरचिर करतात. नाक तू सांगतलं तसंच, पवळ्याचं.

‘ग’ सापडला. चंदाच्या इंजिनाच्या पोटाखाली हाये. नईमभाऊनं तेवढ्या जागी रंधा मारला नाई. मी सांगतलं नव्हतं, त्याचं त्यानंच ठेवलं.

आता भांडणाचं. मुखरूले दमणी गेल्याचं कोंबड्यांमुळे समजलं. त्या अंडी द्यायले जागा शोधत घरात शिरल्या. त्यानं विचारलं, दमणी कुठी? मी म्हटलं, नईमभाऊकडे, इंजिनं होऊन राह्यली तिची. तो जेवला नाई. ताटावरून उठला अन् म्हणे, कोणाले विचारून? मी म्हटलं, मुखरू, ती दमणी माह्या बापानं मले आंदण दिली. मी तिच्यात बसून या घरी आली तवा तू जन्मलाबी नव्हता. माह्या लाकडाचं मी चूल पेटवीन नाईतर इंजिन करीन. तवापासून तो माह्याशीबी बोलत नाई. तुह्या शेजारी माहं नाव गेलं म्हणून मले तर मानच वाटला.

वरून सोमाजी पाटील. त्यानं दवंडी दिली की तान्हा पोळा बैलाचा सण हाये, इंजिनवाले लेकरं तोरणाखालून जाणार नाईत अन् त्यांले कोणी बोजाऱ्याचा पैसा-खाऊ देऊ नये. लेकरानं घरोघर जाऊन काय मागावं, अन् लोकांनी हात झाडावे? दोन घरं भ्याले, इंजिनं परत आणून ठेवली. सांजेपर्यंत दुसरे दोन लेकरं घेऊन गेले. धुरपताची दुसरी म्हैस व्याली, तिच्या नातवानं धान नव्हतं म्हणून खरवस दिला, यावेळी साखर बरोबर होती.

तोरण बांधतात ते गावाच्या दोरीनं, पाटलाच्या नाई. मी चंदाचं बोट धरून सगळ्यात पुढं उभी राहणार. मी काई पोळा मोडायले निघाली नाई.

तुम्ही बापलेक एका साच्यातले. तो म्हणे मी नाव घेणार नाई, तू म्हणे मी येणार नाई. पाहतेच मी.

कळावे. माया कमी करू नको, मी तर करूच शकत नाई.

तुही आजी


लोको शेड
ता. ७ सप्टेंबर १९५८

ती. आजीस शि. सा. न. वि. वि. हे पत्र पोळ्याआधी पोचावं म्हणून घाईत लिहितो.

आजी, इंजिन घरातच राहू दे. चंदाची समजूत घाल, मी तिच्यासाठी इथून बाहुली पाठवतो. भर गावात पाटील बोलला आणि बाबांची मान खाली गेली, तर त्यांच्या तोंडून ‘ये’ कधीच निघणार नाही. माझ्यासाठी तू जे उभं करते आहेस त्यानंच माझं दार कायमचं बंद होईल. एवढं ऐक.

राग मानू नको, आशीर्वादात खंड पाडू नको.

तुझा
गुणवंत


मौजा पळसगाव
ता. १५ सप्टेंबर १९५८

॥ श्री ॥

चि. गुणवंतास ओंजळभर आशीर्वाद. वि. वि. तुह्यं पत्र वेळेवर पोचलं. वाचलं, घडी केली, डब्यात ठेवलं. ऐकलं नाई.

काल तान्हा पोळा झाला. नऊ इंजिनं तोरणापुढं लागली. तुह्यं नववं मीच ओढत होती, या वयात, हसणाऱ्यांनी हसावं. धुराड्याच्या भोकात मी पळसाचं पान अन् बेगडाचा तुरा खोवला होता. असे काई नटले होते गुणवंता, लटारूच्या घरचा तुहा बैलबी त्यांच्याकडे पाहत राह्यला असेल.

पाटील आडवा आला. म्हणे, सुगंधाबाई, पोळा कोणाचा हाये समजते का? मी म्हटलं, पाटीलभाऊ, तुमच्या नातवाचा रंगवलेला बैल मागच्या महिन्यात नागपूरच्या दुकानातून आला, त्यानं चिखल पाह्यला नाई. हे लाकूड जन्मभर बैलाच्या मागं चाललं. यातल्या कोणाले सणाचा मान, तुम्हीच सांगा. लोकं हसले. पाटील हसला नाई. म्हणे, बायामाणसाचं मी ऐकत नाई, घरधनी बोलू दे. अन् त्यानं मुखरूले हाक मारली.

मले तवा पहिल्यांदा तुह्यं पत्र आठवलं. खोटं कायले सांगू, मी एक पाऊल मागं सरली. चंदानं दोरी सोडली नाई.

मुखरू गर्दीच्या मागं उभा होता. तो आला. पाटलाकडे पाह्यलं नाई, माह्याकडे पाह्यलं नाई. चंदाच्या इंजिनापुढं उकिडवा बसला, ते उचललं, पालथं केलं. त्याचं बोट त्या ‘ग’वर थांबलं. तुले मारलं होतं ना त्यासाठी, त्याच हाताचं बोट. मग कमरेचा वंगणाचा नळा काढला, दमणी गेली तरी तो नळा त्यानं टाकला नव्हता, अन् बाराच्या बारा चाकांले वंगण लावलं. दमणीच्या कण्याले लावायचा तसंच, अंगठ्यानं. मग इंजिन खाली ठेवलं अन् उठून एवढंच बोलला, “पाटीलभाऊ, हे माह्या घरचं जनावर हाये. वाट द्या.”

पाटील बाजूले झाला. नऊच्या नऊ गेले तोरणाखालून. चंदाचं तर चिरचिरबी करत नव्हतं. बोजारा इतका भेटला की ओट्यावर मावला नाई, पाटलाच्या सुनेनं मागच्या दारानं पाठवला.

रात्री तो ताटावर बसला, पोटभर जेवला, माह्याशी अजून बोलला नाई. पण आज सकाळी चंदाची दौत-टाक मागून घेतली. तू चौथीत होता तवापासून त्यानं लिहिलेलं मी पाह्यलं नाई.

आता दहावं इंजिन मागायले चार गावचे लोकं येऊन राह्यले. नईमभाऊ म्हणते, नाई म्हणजे नाई. मीबी नाईच म्हणते.

लोभ राखून ठेव, दिवाळीले सोबत घेऊन ये.

तुही आजी


पळसगाव
ता. १५ सप्टेंबर

गुणवंता,

आशीर्वाद. तुह्या आजीनं सारं लिहिलंच असेल, त्यातलं अर्धं खरं धर.

मी इंजिनाले बैल म्हणणार नाई. चाकं वाजत होते म्हणून वंगण लावलं. आपल्या घरचं काई वाजत जावं, हे मले चालत नाई.

तुहा लाकडी बैल लटारूकडून परत आणला. त्याचं एक शिंग मोडलं, नईमभाऊ बसवून देतो म्हणे. नववं इंजिन त्याच्या बाजूले ठेवलं.

दिवाळीले ये. मी सांगून राह्यलो, आजी नाई.

गाडी सांजेची असते. दमणी घेऊन आलो असतो, पण ती तुह्या आजीनं मोडली. मी स्टेशनावर येतो. दोघं पायी येऊ.

मुखरू