शिळं पाणी

डिंडोली, सुरत
१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

चि. प्रशांत यास,
सप्रेम जयभीम.

गेल्या गुरुवारी तुझ्या जुन्या विद्यार्थिनीचा, तिगिस्तचा, मला इथिओपियाहून फोन आला. तेव्हापासून मी तुला रोज फोन लावते आहे आणि तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. योगेंद्र शनिवारी सुट्टी संपवून तिकडे परत निघतो आहे, त्याच्या हाती देते. तो तुझ्याच विद्यापीठात शिकवतो आणि तुझ्या शेजारी राहतो. तेव्हा पत्र मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

आधी घरचं. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता गॅलरीत उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे नंबर मोठ्याने वाचते, आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकावं अशी तिची अपेक्षा असते. गल्ली पुन्हा खोदली आहे. मी अजून प्रयोगशाळेत जाते. निवृत्तीचं दोनदा सांगून पाहिलं, पण आमच्या मालकीणबेन म्हणतात, "विशाखाबेन, तमे जशो तो सही कोण करशे?" मी गेले तर सही कोण करणार, हा त्यांचा प्रश्न. पाण्याच्या अहवालाखाली माझी सही असली की गिऱ्हाईक वाद घालत नाही, असं त्यांचं म्हणणं. सहीची ही गोष्ट मी बढाई म्हणून लिहीत नाही. तिचा पुढे संबंध आहे.

शीतलला आणि मुलांना आशीर्वाद.

आता कामाचं.

ऑगस्ट २०१९ मध्ये तू सुट्टीवर आलास तेव्हा तुझ्या बॅगेत कपडे कमी आणि बाटल्या जास्त होत्या. तिगिस्त तुझ्याकडे एम.एस्सी.चं काम करत होती. तळ्याकाठच्या तिच्याच गावातल्या विहिरी आणि हातपंप, आणि त्यांच्या पाण्यात फ्लोराइड किती. तुमच्या विभागातलं ते मोजायचं उपकरण वर्षभर बंद होतं. एक सुटा भाग बाहेरून मागवायचा तर देशात परकीय चलन नाही, आणि मागवलेला कस्टममध्ये अडकलेला. तू जेवताना म्हणालास, "ताई, तिकडे पोरं उपकरणाचं चित्र फळ्यावर बघून परीक्षा देतात. डोकी अशी आहेत की आपण बघत राहावं, आणि हातात काही नाही." तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. आपल्या बमरोलीच्या जुन्या एका खोलीतून निघालेला माझा भाऊ दुसऱ्या देशातल्या पोरांसाठी बॅगेतून पाणी वाहून आणतो, हे मी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं होतं.

जन्माष्टमीच्या, सातम-आठमच्या सुट्ट्या होत्या म्हणून आमचं काम बंद होतं. बाटल्या आपल्या स्वयंपाकघरात ओट्याखाली राहिल्या. सुट्टी संपल्यावर तू त्या माझ्याकडे आणल्यास. चोवीस होत्या म्हणाला होतास, आल्या तेवीस. एक प्रवासात फुटली म्हणालास.

मी तपासल्या. सगळ्यांत फ्लोराइड अगदी कमी, आणि सगळ्यांत सारखंच. शिवाय क्लोरीन. मी त्याच दुपारी तुला फोन केला होता. "प्रशांत, खेड्यातल्या हातपंपाच्या पाण्यात क्लोरीन कुठून आलं? हे तर आपल्या नळाच्या पाण्यासारखं दिसतंय." तू म्हणालास, "तिकडे आरोग्य खातं पावडर टाकत असेल, ताई. जे येतंय ते लिही." जे आलं ते मी लिहिलं. क्लोरीनसुद्धा लिहिलं. त्या आकड्यांवर तू छापलेला लेख मी नंतर वाचला. त्यात क्लोरीनचा रकाना नाही.

मग कोविड आला आणि पुढे कुणी काही विचारलं नाही.

गुरुवारी तिगिस्तने मला शोधलं ते त्या अहवालाखालच्या सहीवरून. तिचं इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ आहे. तिने आधी माझी तब्येत विचारली, आईची विचारली, तुझी मात्र विचारली नाही. मग म्हणाली, "मॅडम, मी एकच प्रश्न विचारणार आहे. बाटल्या तुमच्यापर्यंत पोचल्या तेव्हा झाकणांवर लाल धागा होता का?"

तिच्या आईने हाताने कातलेला धागा. प्रत्येक झाकणाला वेढे देऊन गाठ मारलेली, गाठीवर मेणाचा ठिपका. बाटली वाटेत कुणी उघडली तर कळावं म्हणून. विभागाकडे सील नव्हतं, तर पोरीने घरातून सील तयार केलं होतं.

मी म्हटलं, धागा नव्हता.

माझं उत्तर तिने लिहून घेतलं. मग एकेक करून सांगितलं. तिथल्या शाळेच्या हातपंपाला हाडांच्या कोळशाची गाळणी बसवलेली होती. हाडं जाळून केलेला कोळसा पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवतो, हे तुला मी शिकवायला नको. अर्धं गाव पिण्याचं पाणी तिथूनच नेत असे. कोळसा ठरावीक काळाने बदलावा लागतो, आणि तो एक संस्था पुरवायची. तुझा लेख आला, पाणी चांगलं आहे असं छापून आलं, आणि संस्थेने कोळसा पाठवणं थांबवलं. दुसरीकडे गरज जास्त आहे म्हणाले. त्यात त्यांचं काय चुकलं?

तिगिस्तने तेव्हाच तुला सांगितलं होतं की आकडे खोटे वाटतात, तिने गावात रंगाची साधी चाचणी केली होती आणि रंग वेगळंच सांगत होता. तू वर्गासमोर म्हणालास की गावाच्या मायेपोटी आकडे बदलत नाहीत, यंत्रावर विश्वास ठेवायला शिक. तिने ते आकडे आपल्या प्रबंधात घालायला नकार दिला. प्रबंध झाला नाही, पदवी झाली नाही. वर्गात पहिली असलेली मुलगी आज औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते.

फोन ठेवल्यावर तिने एक फोटो पाठवला. तिच्या बहिणीची मुलगी, आठ वर्षांची असेल. हसायला सांगितलेलं दिसतं, कारण ओठ ओढून धरले आहेत. पुढचे दात तपकिरी, खवले पडलेले, वीट ठिसूळ झाल्यावर दिसते तसे. मोठ्या बहिणीचे दात चांगले आहेत. ती गाळणी चालू असताना वाढली. खाली तिने लिहिलं आहे की या धाकटीचे गुडघे दुखतात आणि चालताना पाय वाकडे पडतात.

हे गुरुवारचं. तुला मी पहिला फोन त्याच संध्याकाळी केला, आणि तेव्हा माझ्या मनात तुझ्याबद्दल काहीही वाईट नव्हतं. विमानतळावर बॅग उघडली असेल, असं काहीतरी मी धरून चालले होते.

रविवारी सकाळी आई गोधडीला टाके घालत होती. डोळा नवा झाल्यापासून तिला सगळं शिवायचं आहे. तिच्या सुईत लाल धागा होता, जाडसर, जरा वेडावाकडा. सुरतेत सगळा संसार केलेल्या बाईच्या हातात मी असला धागा कधी पाहिला नव्हता.

"आई, हा धागा कुठला?"

"त्या बाटल्यांचा. प्रशांतनं नोत्या का आनल्या परदेशातून? हातचा कातलेला हाय, पक्का. फेकाचा होता का?"

"तू त्या बाटल्या उघडल्यास?"

"मंग? किती दिसाचं शिळं पानी, कोन जाने! लेक इतक्या दुरून आला, अन् त्याच्या बाटल्यायत वास मारे. रोज सकाळी ओतलं न ताजं भरलं. बाटलीवरचा कागद एकबी भिजू देला नाई म्या."

तू तिच्याच हाताखाली वाढलास. बमरोलीत पाऊण तास पाणी यायचं तेव्हाही ती उठल्या उठल्या आदल्या दिवसाचा हंडा ओतायची, घासायची आणि मगच भरायची. बाबा ओरडायचे, तरी ओतायची. शिळं पाणी पोरांना द्यायचं नाही. घरात भरलेली बाटली असावी आणि तिच्याकडे आईची नजर जाऊ नये, हे होणारच नव्हतं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं असं तू म्हणशील. बाटल्या तू ठेवल्या होत्यास.

मी विचारलं, "प्रशांतला हे माहीत नव्हतं ना?"

ती सुई थांबवून हसली. "त्यानं पाह्यलं ना मले भरतानी! आदी तोंड असं पांढरं पडलं त्याचं. मंग माह्या मांडीवर डोकं ठेवलं अन् म्हने, माय, जाऊ दे, पन कोनाले सांगू नोको. एक शबद बोलला नाई मले. तू असती त घर डोक्यावर घेतलं असतं."

सहा वर्षं ती हे मनात जपून होती. मुलाच्या चांगुलपणाची गोष्ट म्हणून.

मी तिला एवढंच विचारलं की चोविसावी बाटली कुठे फुटली. ती म्हणाली, "फुटली कुठं? तिची गाठच सुटे ना, म्हून ठेवून देली. माळ्यावर हाय, लोनच्याच्या बरन्यामांगं." मी स्टूल घेऊन चढले. धागा जसाचा तसा, मेण जसंच्या तसं. चिठ्ठी दवाखान्याजवळच्या हातपंपाची. सोमवारी मालकीणबेनच्या समोर धागा कापून मी ती तपासली. फ्लोराइडची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅमची आहे. आकडा अकराच्या वर आला. क्लोरीन नाही. अर्धं पाणी बाटलीत तसंच ठेवून नवं सील केलं आणि त्यावर आम्हा दोघींच्या सह्या आहेत.

एका बाटलीवरून गावभराचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मला कळतं. बाकीच्या तेवीस बाटल्यांवरून काहीच काढता येत नाही, हे तुला सहा वर्षांपासून माहीत आहे.

तुझा नोकरीचा करार त्या वर्षी संपत होता आणि तो वाढवायला लेख हवा होता, हेही मला ठाऊक आहे. पण तू परत जाऊन पुन्हा नमुने घेऊ शकला असतास. ते गाव तुझ्या विद्यापीठापासून बसच्या अंतरावर आहे. तिगिस्तने एका आठवड्यात सगळ्या बाटल्या पुन्हा भरून दिल्या असत्या आणि वर तुझे आभार मानले असते. आईने केली ती चूक होती. तू केलंस त्याला मी चूक म्हणणार नाही. काय म्हणायचं, तो शब्द घरच्या पत्रात लिहिता येत नाही.

सोमवारी संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. तिचं म्हणणं कागदावर हवं होतं, आणि काय केलंय हे न सांगता मी तिची सही घेणार नव्हते. मुलीचा फोटोही दाखवला. नव्या डोळ्याने तिने तो नीट पाहिला. मग सावकाश एकेक अक्षर काढत सही केली. पेन खाली ठेवून एकच बोलली.

"मंग त्यानं मले तवा बोललं काहून नाई? दोन शिव्या देल्या असत्या त म्या त्याच दिशी बोंबलून सगळ्याइले सांगतलं असतं."

याचं उत्तर तू तिला द्यायचं आहेस.

काल सकाळी तिने हंडा ओतला नाही. आजही नाही. परवाचं पाणी तसंच आहे. मी ओतायला गेले तर म्हणाली, "राहू दे." मी राहू दिलं.

तुला काय करायचं ते मी सांगत बसणार नाही, तू लहान नाहीस. लेख मागे घे. त्या संस्थेला आणि शाळेला आधी कळव, तुझ्या विभागाला नंतर. तिगिस्तची पदवी अडकली ती तुझ्यामुळे, हे लिहून दे. नोकरी जाईल. इथे तुझी खोली रिकामी आहे. पण तू हे सगळं करशील यावर मी थांबून राहिलेले नाही.

योगेंद्र आता समोर बसला आहे. बाटली हातात घेऊन म्हणाला, "ताई, दारूबंदीच्या गुजरातमधून मी बाटली घेऊन निघालो, विमानतळावर काय सांगू?" मी त्याला काय आहे ते सांगितलं. मग तो हसला नाही. त्याला सगळं ठाऊक आहे, तेव्हा त्याच्यावर रागावू नकोस. त्याने कबूल केलं आहे की पोचल्यावर आधी तिगिस्तच्या दुकानात जाईल आणि त्यानंतर तुझ्याकडे येईल. तू हे वाचत असशील तेव्हा तिच्या वस्तू तिच्या हातात असतील.

तुझी थोरली बहीण आहे, ते बदलत नाही. जयभीम.

विशाखा

योगेंद्रच्या हाती दिले, आज संध्याकाळी, आईसमोर:

तिगिस्त हिला: सीलबंद बाटली एक. तपासणीचा अहवाल, माझ्या आणि मालकीणबेनच्या सहीचा. आईचं, म्हणजे काशीबाई नागनाथ यांचं निवेदन, त्यांच्या सहीचं, सोबत माझं इंग्रजी भाषांतर. लाल धागा, गोधडीतून उसवून जेवढा निघाला तेवढा. तो आईने स्वतः उसवला.

प्रशांत यास: हे पत्र. आईला विचारलं, तुझ्यासाठी डब्यात काय देऊ. तिने रिकामा डबा पुसून परत फळीवर ठेवला. डबा दिलेला नाही.