डॉक्टरांना खोसा शिकवण्याचा माझा पक्का प्लॅन

४ फेब्रुवारी
चाळीस वर्षं शाळेत खोसा शिकवली, आमची दक्षिण आफ्रिकेतली मायबोली. आजपासून हॉस्पिटलातल्या सहा डॉक्टरांना. जूनमध्ये परीक्षा: खरा पेशंट तपासायचा, इंग्रजी एक शब्द नको. सगळे पास झाले तर क्लास कायमचा माझा. होणारच. मी आहे ना.

११ फेब्रुवारी
जिभेने 'टक्' करून काढायचे खोसातले तिन्ही आवाज सुरू केले. पाया पक्का हवा. डॉ. फूरीने विचारलं, 'कुठे दुखतंय' कधी शिकवणार? सांगितलं, मे महिन्यात. पेशंट काय पळून जातात?

४ मार्च
सहाचे तीन. बाकीचे नक्की वॉर्डात सराव करत असणार. शिष्य स्वतंत्र झाले की मास्तराने आनंद मानावा. मानला. घरी मक्याची बिअर घेतली. थोडी. बीपीची गोळी उद्यापासून नियमित.

१ एप्रिल
एकटा फूरी. तोही चहाला गेला तो गेलाच. चहावाली मामिया खोसात मागितल्याशिवाय कप देत नाही. आधी तिच्या गुडघ्याची चौकशी करायची, मग शेळ्यांची, मग बहिणीची. सहाही डॉक्टर तिथे शेळ्यांवर बोलत उभे! मी म्हणालो, बाई, इथे शिक्षण चालतं. ती म्हणाली, चाललंय की मास्तर, साखर किती? उद्धट बाई. चहा न पिता आलो.

१३ मे
ठरल्याप्रमाणे 'कुठे दुखतंय' शिकवलं. रिकाम्या खुर्च्यांना. उच्चार मात्र फार सुंदर झाले.

१७ जून
परीक्षा. ठरलेल्या पेशंटबाईला लेक घरी घेऊन गेली. मेट्रन म्हणाली, मास्तर, तुम्हीच झोपा खाटेवर. झोपलो. ठरवलं, 'बरा आहे' एवढंच म्हणायचं, बघू काय करतात.

पहिला फूरी. हात लावला नाही. शेजारी बसून कुळ विचारलं; आमच्यात मान द्यायचा तर कुळाच्या नावाने हाक मारतात. म्हटलं, क्वायी. मग, क्वायी, घरचे कसे आहेत? म्हटलं, बायको गेली. कधी? तीन वर्षं झाली. मग जेवण कोण करतं? पाच मिनिटांत बिअर, न घेतलेल्या गोळ्या, सगळं मेट्रनसमोर ओकून बसलो. बीपी एकशे नव्वद.

सहाही पास! प्लॅन यशस्वी. मेट्रनने विचारलं, कोणी शिकवलं? मी खाटेवरूनच हात वर केला. डॉक्टर चहा घेऊन आलेल्या मामियाकडे बघत होते.

२४ जून
क्लास आता हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात. मास्तरीण मामिया. मलाही ठेवलंय: सरावाचा पेशंट. दर बुधवारी खाटेवर पडायचं. माझ्यासारख्या माणसाने? मुळीच जाणार नाही.

१ जुलै
गेलो. फक्त उच्चार तपासायला. सहाही जणांनी एकेक करून विचारलं, क्वायी, जेवलात का? सहाव्याने विचारलं तेव्हा रडू आलं. घरी कोणी विचारत नाही.

मामियाने सगळ्यांना चहा दिला, मला सोडून. मागावा लागतो, म्हणाली. भाषा येते हो मास्तर तुम्हाला, पण विचारत नाही कुणाला काही.

खाटेवरून उतरून तिच्यापाशी गेलो. मग विचारलं, गुडघा कसा आहे?